कमी किरणांतलं चित्र

आमच्या विभागात त्यांना कवडीचुंबक म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि ते खुशाल ओ देत. पैशाच्या बाबतीत हे नाव त्यांना अजिबात लागू नव्हतं. दुपारचा चहा बहुतेक वेळा त्यांच्याच खिशातून व्हायचा, आणि कुणाकडे आजारपण निघालं की बोलवायच्या आधी हे दारात हजर. त्यांची सगळी कंजुषी एकाच ठिकाणी जाऊन बसली होती, ती म्हणजे क्ष-किरणांत.

ते सीटी स्कॅनचे तंत्रज्ञ. रोग्याला टेबलावर झोपवलं की त्याच्या अंगातून किती किरण सोडायचे हे आधी ठरवावं लागतं. त्याला डोस म्हणतात. इतर तंत्रज्ञ यंत्राने सुचवलेला आकडा मान्य करून मोकळे होत. हे त्या आकड्याकडे बघून नाक मुरडायचे, मग रोग्याकडे एकदा नीट बघून घ्यायचे आणि आकडा खाली आणायचे. मूल असेल तर आणखी खाली. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. किरण मिठासारखे असतात, कमी पडले तर वरून घालता येतात, जास्त पडले तर काढून घेता येत नाहीत. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते हे काम शिकले, तो रक्ताच्या आजाराने गेला होता. जुन्या काळी ती माणसं शिशाचा अंगरखा न घालता रडणाऱ्या पोरांना यंत्रात धरून उभी राहत. त्या आजाराचा किरणांशी संबंध होता असं कुणी सिद्ध केलं नाही, पण यांना सिद्ध व्हायची गरज वाटली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

मी त्याच विभागात भौतिकशास्त्र सांभाळते. हे काम काय असतं ते माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही, त्यामुळे थोडक्यात सांगते. सकाळी पहिला रोगी यायच्या आधी पाण्याने भरलेलं एक नळकांडं यंत्रात ठेवायचं आणि त्याचा स्कॅन काढायचा. पाणी सगळीकडे सारखं, तेव्हा चित्रही सगळीकडे सारखंच करडं यायला हवं. तसं कधीच येत नाही. रवा सांडल्यासारखे काळे-पांढरे दाणे दिसतात. या दाण्यांना आम्ही नॉइज म्हणतो. दाणे जास्त असले की बारीकसारीक गोष्टी त्यात बुडून जातात. ते कमी कसे करायचे, हाच माझा धंदा. किरण वाढवले की दाणे कमी होतात, म्हणजे माझी आणि कवडीचुंबकांची जन्मपत्रिका पहिल्या दिवसापासून जुळत नव्हती. मी डोस या विषयावर बोलायला लागले की ते हात जोडून म्हणत, "मास्तरीणबाई, तास संपला का?" मी त्यांना काका म्हणायची. भांडण करायला समोरचा माणूस मानाचा असलेला बरा, म्हणून.

मग नवं यंत्र आलं. जुनं यंत्र येणाऱ्या किरणांचं एकूण वजन केल्यासारखं करायचं, पोतं काट्यावर टाकावं तसं, आणि त्यात यंत्राची स्वतःची कुरकुरही मिसळायची. नवं यंत्र किरणाचा एकेक कण सुटा मोजतं. कणाला फोटॉन म्हणतात. ठरावीक ताकदीपेक्षा कमी असलेलं काही आलं तर ती यंत्राची कुरकुर समजून ते मोजतच नाही. कंपनीची माणसं आली, त्यांनी गुळगुळीत चित्रं दाखवली आणि सांगितलं की आता निम्म्या डोसमध्येही भागतं. मी हातातलं पेन चावत बसले होते. काकांच्या चेहऱ्यावर मात्र आयुष्यभर जे म्हणत आलो ते शेवटी कुणीतरी ऐकलं असं समाधान होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली. यंत्रावर कुणी कोपर टेकलं तरी ते ओरडत.

त्यांना एक धाकटी बहीण होती. आईवडील लवकर गेले, त्यामुळे ती त्यांच्याच हातावर वाढली. लग्नही त्यांनीच लावून दिलं. ती घरी शिवणकाम करायची, कपडे आत घेणं, उसवणं, झिप बदलणं, असली कामं. नवरा बोटीवर, वर्षातला बराच काळ समुद्रात. एक मुलगी, त्यावेळी कॉलेजात जाणारी. बहीण अधूनमधून आमच्याकडे डबा घेऊन यायची आणि काकांची सगळ्यांदेखत टिंगल करायची. विजार केवढी आखूड घालतोस, किरण वाचवतोस ते वाचवतोस, कापड कशाला वाचवतोस. काका लाजून हसायचे. जगात त्यांना असं बोलायची मुभा एकट्या तिलाच होती.

नवं यंत्र येऊन थोडेच दिवस झाले असतील, तिला पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. डॉक्टरांनी पोटाचा सीटी सांगितला. शिरेतून औषध टोचायची तयारी होईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसली होती आणि मी तिच्याशेजारी. तिने विचारलं, या यंत्राचं एवढं काय कौतुक? काकांनी तिला समजेल असं सांगितलं. इस्त्रीच्या आधी कापडावर हाताने पाणी शिंपडतेस ना, तसे हे किरण. थोडंच शिंपडलं तर कुठे थेंब पडतात, कुठे कोरडं राहतं, हात सारखाच फिरवला तरी. तेच कोरडे-ओले ठिपके म्हणजे चित्रातले दाणे. हे यंत्र प्रत्येक थेंब मोजतं.

ती म्हणाली, "मग भरपूर शिंपड की. पाण्याला काय धाड भरलीय?"

"पाण्याने कापड नुसतं भिजतं," काका म्हणाले. "याचं तसं नाही. तू झोप गप्प."

त्या दिवशी त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. कंपनीवाल्यांनी निम्म्यात भागतं असं सांगितलं होतं. यांनी निम्म्याचं निम्मं केलं, कारण ती बहीण होती. परक्या रोग्याच्या बाबतीत त्यांनी एवढी काटकसर केली नसती. यंत्राबरोबर आलेला नॉइज कमी करणारा प्रोग्राम त्यांनी वरच्या पायरीवर लावला आणि दाणेदार चित्र धुवून पुसून वर पाठवलं.

स्कॅनचा अहवाल लिहिणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या. त्या खाली आल्या. चित्र दिसायला गुळगुळीत आहे, त्या म्हणाल्या, पण स्वादुपिंडाच्या शेपटीकडे, म्हणजे डावीकडच्या निमुळत्या टोकाला, मला नीट कळत नाहीये, तेवढाच भाग परत घेऊ या का? काकांनी नको म्हटलं. तिचं वय बघा, दुखणं पित्ताचं असेल, एवढ्यासाठी परत कशाला भाजायचं. इतक्या वर्षांचा जुना माणूस, त्याचीच बहीण. डॉक्टरीणबाईंनी मान्य केलं. गाठ दिसत नाही, त्रास राहिला तर पुन्हा तपासावं, असं लिहिलं.

पित्ताच्या गोळ्यांनी दुखणं थांबलं. तिने मग सगळ्यांसाठी डबा आणला होता.

वर्ष होत आलं तेव्हा ते परत आलं, या वेळी पाठीतून. कपडे सैल व्हायला लागले. ती स्वतःचेच ब्लाउज आत घेत होती आणि म्हणत होती, गिऱ्हाइकांची कामं पडून राहिली, माझीच संपेनात. दुसऱ्या स्कॅनला काका यंत्राजवळ थांबले नाहीत. दुसऱ्या तंत्रज्ञाने यंत्राने सांगितलेला डोस जसाच्या तसा दिला. चित्र लख्ख आलं. स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ होती आणि यकृतात तिचे ठिपके पोचले होते. ते बघायला डॉक्टरीणबाई लागल्या नाहीत, मलाही दिसलं.

ती पुढे फार दिवस राहिली नाही. काकांनी रजा काढली, तिच्या उशाशी बसून राहिले, तिला चमच्याने पाणी पाजलं. नवरा बोटीवरून पोचला तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. सगळं उरकल्यावर काका कामावर आले आणि त्यांनी पहिल्या रोग्याचा डोस बघितलासुद्धा नाही. यंत्र म्हणेल तो आकडा, डोळे मिटून. आता त्यांना कवडीचुंबक म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. ते नाव गेलं त्याचं मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी ते माझ्या खोलीत आले. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी बराच वेळ ते पंख्याबद्दल बोलले. आवाज करतो, तेल घालायला हवं वगैरे. मग म्हणाले, पहिला स्कॅन आहे का तुमच्याकडे?

होता. एरवी यंत्रातला कच्चा डेटा, म्हणजे चित्र तयार व्हायच्या आधीचे मोजलेले आकडे, काही आठवड्यांत पुसला जातो. पण नव्या यंत्राच्या सुरुवातीच्या काळातला सगळा डेटा मी माझ्या अभ्यासासाठी ठेवून दिला होता. त्यात तिचाही होता. आकडे असले की चित्र पुन्हा नव्या पद्धतीने बनवता येतं. काकांना एवढंच बघायचं होतं, की तेव्हा ती गाठ तिथे होती का. होती आणि दाण्यांत बुडाली, की मुळात नव्हतीच आणि नंतर उगवली. नंतर उगवली असेल तर त्यांच्या हातून काही झालं नव्हतं. तेव्हाच असेल तर बहीण त्यांच्या मायेने गेली होती. मधलं काही नव्हतं.

मी चित्र पुन्हा बनवलं. सगळे दाणे ठेवून बनवलं तर रव्याच्या ढिगात मोहरी शोधण्यासारखं होतं. प्रोग्राम मधल्या पायरीवर लावला तर शेपटीकडे एक सावली आल्यासारखी वाटली. वरच्या पायरीवर लावला तर सावली गेली आणि स्वादुपिंड कसं छान, एकसारखं दिसायला लागलं. काका पडद्याला नाक लावून बसले होते. त्यांनी विचारलं, यातलं खरं कुठलं? मी म्हटलं, धुतलेली दोन्ही चित्रं खरी नाहीत, आकडे खरे आहेत, आणि ते फार थोडे आहेत.

हे त्यांना पटलं आणि पटलंही नाही. त्यानंतर नॉइज कमी करण्याची कुठलीही नवी पद्धत आली, की दुपारच्या सुट्टीत ते माझ्या दारात उभे. हातात डबा, पण उघडलेला नाही. कंपनीने सुधारित प्रोग्राम पाठवला, काका आले. एका विद्यापीठातल्या लोकांनी आपली पद्धत सगळ्यांसाठी खुली केली, मला कळायच्या आधी काकांना कळलं. ज्या माणसाने आयुष्यात कॉम्प्युटरवर पत्त्यांच्या डावापलीकडे काही केलं नव्हतं, तो मला नवीन पद्धतींची नावं सांगायला लागला. एका पद्धतीत सावली दिसायची, दुसरीत नाही, तिसरीत दिसायची पण जरा बाजूला सरकून. सावली दिसली की ते खचायचे. नाही दिसली की त्यांना विश्वास बसायचा नाही.

एकदा माझा संयम सुटला. मी म्हणाले, काका, बैल गेला आणि झोपा केला, आता या झोप्याची किती दारं लावणार आहात? बोलले आणि जीभ चावली. ते डबा उचलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पंख्यात तेल घातलेलं होतं. त्यांचं रागावणंही असंच असायचं.

तेव्हा मी ठरवलं की याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. ज्यांनी संशोधनाला परवानगी दिली होती, अशा लोकांचे पूर्ण डोसचे, स्वच्छ स्कॅन मी घेतले. त्यातल्या काहींमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीत कॉम्प्युटरने वाटाण्याएवढी फिकट गाठ बसवली, काही तसेच ठेवले. मग प्रत्येकात दाणे मिसळले, काकांनी त्या दिवशी दिलेल्या डोसला जेवढे आले असते तेवढेच. मग ते सगळे नॉइज काढणाऱ्या प्रोग्राममधून काढले आणि मूळ स्वच्छ, दाणेदार आणि धुतलेली अशी तिन्ही तऱ्हेची चित्रं सरमिसळ करून डॉक्टरीणबाईंसमोर ठेवली. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या आठवडाभर आपलं काम सांभाळून ते बघत होत्या, आणि मला शिव्या घालत होत्या.

निघालं ते असं. त्या डोसला निम्म्या गाठी त्यांना सापडल्या, निम्म्या नाही. छापा-काटा उडवला असता तर वेगळं काही झालं नसतं. जिथे गाठ नव्हती तिथेही काही वेळा त्यांना ती दिसली. प्रोग्राम लावल्याने चित्र सुंदर होत होतं, पण गाठी जास्त सापडत नव्हत्या. पूर्ण डोसच्या चित्रांत मात्र त्यांची क्वचितच चूक झाली.

हे मी काकांना समजावून सांगितलं. असले प्रोग्राम हजारो लोकांची चित्रं बघून शिकलेले असतात. जिथे त्यांना आकड्यांवरून कळत नाही, तिथे बहुतेक लोकांचं जसं असतं तसं ते भरून टाकतात. आणि बहुतेक लोकांच्या स्वादुपिंडात गाठ नसते. म्हणून शंका आली की कौल गाठ नसल्याच्या बाजूने. जे फोटॉन पाठवलेच नाहीत, ते पुढे कितीही हुशार प्रोग्राम आला तरी मोजता येणार नाहीत. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, म्हणजे कधीच कळणार नाही? मी म्हटलं, नाही. त्या दिवसापासून ते माझ्या खोलीत यायचे बंद झाले. मला वाटलं, चला, सुटले बिचारे. मला काय वाटतं त्याला काय किंमत?

सुटले नव्हते, ते भाची आली तेव्हा कळलं.

भाची आता नोकरीला लागली होती. आईसारखीच हसरी, पण आईपेक्षा कमी बोलणारी. ती मामाला भेटायला नेहमी यायची, कधी त्यांचा शर्ट बटण लावून आणायची. त्या दुपारी ती थेट माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, मामाला बोलवता का? ते आले तेव्हा मी उठायला लागले. काकांनी हातानेच बसा म्हटलं. तिच्यासमोर एकट्याने बसायची त्यांना भीती वाटली असावी.

ती म्हणाली की तिला स्वतःला काही झालेलं नाही. पण आईचा आजार सांगितल्यावर एका डॉक्टरांनी तिच्या घराण्याची माहिती विचारली, आईचे दोन्ही स्कॅन मागवले, आणि बोलता बोलता म्हणाले की पहिल्यात दिसायला हवं होतं. ते त्यांच्या परीने बोलून गेले. हिला मात्र तेव्हापासून झोप नव्हती. नुसतं विचारायचं होतं, मामा, तेव्हा दिसलं असतं का?

इथे मी एक गोष्ट केली. त्यांना सोडवावं एवढंच माझ्या मनात होतं. मी कॉम्प्युटरवर तिच्या आईचं पहिलं चित्र काढलं, वरच्या पायरीवर गुळगुळीत केलेलं. स्वादुपिंड टोकापासून शेपटीपर्यंत नितळ. हे बघ, मी म्हटलं, इथे तुला काही दिसतं का? ती पुढे झुकली. तिला काहीच दिसत नव्हतं, कारण तिथे बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिच्या खांद्यावरचा ताण उतरताना मला दिसला. काकांनी फक्त माझ्या बोलण्याला हो म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा, म्हणा म्हणून.

त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला. प्रोग्राम बंद केला. पडदाभर दाणे पसरले.

"हे खरं चित्र आहे," ते तिला म्हणाले. "ते आधीचं धुतलेलं आहे. यात गाठ आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. या बाईंनी खूप प्रयत्न केला. सांगता येत नाही ते माझ्यामुळे. मी किरण कमी दिले. तुझ्या आईला जास्त लागू नयेत म्हणून. डॉक्टरीणबाई परत घेऊ म्हणाल्या, त्यालाही मीच नको म्हटलं."

भाची दाण्यांकडे बघत राहिली. मला त्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. तीन वर्षं ज्या एका वाक्यासाठी तो माझ्या दारात उभा राहिला, ते मी आयतं त्याच्या हातात दिलं होतं. खोटंही नव्हतं ते, निम्मं तरी खरं असू शकत होतं. आणि तो ते पोरीसमोर विस्कटून बसला होता.

काका पुढे बोलत होते, आता थांबता येत नसल्यासारखे. म्हणाले, तुझ्या आईला मात्र मी खोटं सांगितलं. दवाखान्यात शेवटी तिने विचारलं होतं, दादा, तेव्हा होतं का रे? मी म्हटलं, नव्हतं, मी स्वतः बघितलंय, काहीच नव्हतं. ती म्हणाली, मग ठीक आहे. निदान ती त्या समजुतीत गेली. एवढं एक माझ्याकडून बरं झालं.

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मला तेव्हा कळलं की हा माणूस इतके दिवस कशाच्या आधारावर कामाला येत होता.

भाचीने पडद्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाली, "मामा, तेव्हा तू खोलीबाहेर गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं होतं. म्हणाली, दादाला विचारलं, तो नव्हतं म्हणाला. मी ठीक आहे म्हटलं. तू त्याला कधी विचारू नकोस, आणि विचारलंसच तर तो जे सांगेल त्याला हो म्हण."

काकांना आधी कळलं नाही. त्यांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तिचा विश्वास बसला नव्हता," ते म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "मी पण हो म्हणायचं ठरवूनच आले होते."

ती रडायला लागली. काका रडले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो केसांवरून मागे मानेपर्यंत नेला, पुन्हा डोक्यावर ठेवला आणि पुन्हा नेला. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, दुपारचा पहिला रोगी येऊन बसला होता. मी दारातूनच थांबायला सांगितलं.

"लहानपणी हिच्या आईची वेणी मीच घालायचो," ते मला म्हणाले, जणू मी विचारलं होतं. "मला कुठे येत होती. घट्ट व्हायची. डोळे ताणले जायचे तिचे, पाणी यायचं. मी विचारायचो, दुखतंय का गं? ती म्हणायची, नाही दादा, घाल तू."